बदल कुणी घडवायचा? साचेखात्याने शिकवलेला धडा

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायची, असे बैठकीत ठरले. त्याच बैठकीत नेहमीचे विषयही निघाले. ‘तरुण पोरं येत नाहीत’, ‘महिला कमिटीवर नावापुरत्याच आहेत’, ‘जुनी मंडळी खुर्ची सोडत नाहीत’, ‘नवीन काही करायचं म्हटलं की चार जण आडवे येतात’. यावर उपाय काय, तर एक व्याख्यान ठेवा! वक्ते येतील, तासभर बोलतील, टाळ्या पडतील, चहा-बिस्किटे होतील आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आपापल्या जागी. हे किती वर्षे चालले आहे ते आम्ही वेगळे सांगायला नको.

तेव्हा आमच्या मनात आले की आधी हे तरी बघावे, माणसांचा समूह बदलतो तो कशाने? संस्था असो, युनियन असो, कारखाना असो, माणसे एकत्र आली की त्यांचा एक स्वभाव तयार होतो. एकटा माणूस ‘हो’ म्हणतो आणि त्याच माणसांचा घोळका ‘नाही’ म्हणतो, असे का होते? गेल्या शतकात या प्रश्नाचा मुळापासून शोध घेणारे काही प्रयोग झाले. योगायोग असा की त्यांतले मोठे प्रयोग कापडाच्या आणि शिलाईच्या कारखान्यांत झाले. आम्ही गिरणगावात वाढलेली माणसे. भोंग्यावर आमच्या घरातली घड्याळे लागायची. म्हणून हा इतिहास आम्ही गिरणीपासूनच सांगणार आहोत.

साचेखात्याचे दार

सन १९२८. मुंबईच्या गिरण्यांत मालकांनी नवी पद्धत आणायला सुरुवात केली. साचेवाला दोन साचे चालवत होता, त्याने आता तीन चालवायचे. कताईत एक बाजू बघणाऱ्याने दोन बघायच्या. कागदावर हिशोब सोपा होता. माणशी काम वाढेल, खर्च कमी होईल. पण खात्यात उभ्या असलेल्या माणसाने दुसराच हिशोब केला. तीन माणसांचे काम दोघांत झाले, तर तिसऱ्याने जायचे कुठे? एप्रिलमध्ये संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. ‘कामगार अडाणी आहे, त्याला सुधारणा नको असते’ असे तेव्हाही बोलले गेले, आजही बोलले जाते. पण त्या माणसाला यंत्राचे वैर नव्हते. त्याला कुणी विचारले नव्हते आणि त्याची भाकरी टांगणीला लागली होती, एवढेच खरे.

या संपाला दुसरी बाजू होती, आणि ती आपल्या लोकांची आहे. कामगार एक होता, पण गिरणीच्या फाटकाच्या आत तो एक नव्हता. साचेखात्यात पगार बरा मिळायचा. त्या खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा, दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावायचा कसा, असा सवर्ण साचेवाल्यांचा सवाल! म्हणून आपली माणसे कताईकडे, त्रासनखात्यात, कमी पगारावर. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जणांची उभी हयात त्रासनखात्यात गेली. साचा त्यांनी रोज पाहिला, पण लांबून.

बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी नेमके यावर बोट ठेवले. संपाच्या पुढाऱ्यांना त्यांनी स्पष्ट सांगितले की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांना संपापासून दूर राहायला सांगावे लागेल. पुढाऱ्यांनी नाखुषीने का होईना, ती मागणी घेतली. आणि ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांचे उत्तर काय आले? हा अन्याय असेलच, तर त्याला आम्ही जबाबदार नाही!

वाचकहो, हे उत्तर संतापजनक आहे, पण त्यात एक कडू सत्यही आहे. साचेखात्याचे दार अडवून बरोबरीचे कामगारच उभे होते. त्यांच्यात एकी होती, मालकाविरुद्ध लढण्याची हिंमत होती, आणि त्याच एकीने त्यांनी आपल्याच भावाला बाहेर ठेवले होते. गटाच्या एकीला अशी दोन तोंडे असतात. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

व्याख्यानाचे तीन टक्के

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. कर्ट लेविन नावाचा एक ज्यू मानसशास्त्रज्ञ होता. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली त्याने जर्मनी सोडली. त्याची आई पुढे नाझींच्या छळछावणीत मारली गेली. समूह माणसाला काय करायला लावतो, हा त्याच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई झाली. चांगले मांस सैन्याकडे जाऊ लागले. सरकारला वाटले की घराघरांत हृदय, गुरदा, ग्रंथी असे प्रकार शिजावेत. पौष्टिक असून ते वाया जातात. पण तिथल्या मध्यमवर्गीय गृहिणी त्याला नाक मुरडायच्या. (वजडी आणि काळीज चवीने खाणाऱ्या आमच्या घरांत हा प्रश्नच आला नसता, असो.) लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा छोटे गट घेतले. तीन गटांना पाऊण तासाचे उत्तम व्याख्यान दिले: जीवनसत्त्वे, देशसेवा, काटकसर, सोबत पाककृतींचे कागद. उरलेल्या तीन गटांत व्याख्यान नाही. तिथे बायकांनाच बोलते केले. नवरा नाक मुरडेल, शिजवताना वास येतो, पोरं खाणार नाहीत, अशा अडचणी त्यांनीच सांगितल्या आणि त्यावरचे उपायही आपापसांत शोधले. शेवटी विचारले, ‘येत्या आठवड्यात करून बघायला कोण तयार आहे? हात वर करा.’

नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी फक्त ३ टक्के बायकांनी, पूर्वी कधी न केलेला असा पदार्थ घरी केला होता. चर्चा करून हात वर केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी! वेळ तेवढाच, विषय तोच.

आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आपल्याच कार्यक्रमपत्रिका डोळ्यांपुढे आल्या. व्याख्याने वाईट नसतात. पण व्याख्यान ऐकणारा माणूस एकटा बसलेला असतो. शेजारी शंभर जण असले तरी तो एकटाच. ‘बाकीचे काय म्हणतील?’ ही त्याच्या मनातली अडचण वक्त्याला दिसत नाही आणि सुटतही नाही. चार जणांसमोर स्वतः हात वर केला की मात्र तो निर्णय आपला होतो आणि गटही त्याच्या पाठीशी उभा राहतो.

यावरून लेविनने बदलाच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी जुने घट्ट झालेले वितळले पाहिजे, मग ते हलवता येते आणि शेवटी नव्या जागी पुन्हा घट्ट करावे लागते. नाहीतर चार दिवसांचा उत्साह संपला की सगळे जागच्या जागी. त्याचा हा लेख १९४७ साली आला आणि त्याच साली तो वारला. पण त्याच्या हाताखाली तयार झालेली माणसे आता कारखान्यांत शिरली होती.

कागद आणि खोका

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या मेरियन गावी हारवूड नावाच्या कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामगार बहुतेक बाया, आजूबाजूच्या डोंगराळ भागातून आलेल्या, नगावर पैसे मिळवणाऱ्या. तिथे एक दुखणे होते. कामाची पद्धत जरा बदलली की उत्पादन घसरायचे, भांडणे व्हायची, बाया काम सोडून जायच्या. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथे प्रयोग करून १९४८ साली तो प्रसिद्ध केला.

एका गटात इस्त्री करणारे १८ जण होते. पूर्वी ते अर्ध्या डझनाची चळत कागदावर रचत, आता ती खोक्यात रचायची. बदल म्हणाल तर एवढासाच! त्यांना बोलावून सांगितले की बाजारात स्पर्धा आहे, उद्यापासून अशी पद्धत, असा दर. शंका विचारल्या, उत्तरे दिली, सभा संपली. आपल्याकडच्या सभेसारखीच.

दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून दिले. त्या प्रतिनिधींनी नवी पद्धत आणि दर ठरवण्यात भाग घेतला आणि बाकीच्यांना शिकवले. आणखी दोन लहान गट होते, आठ आणि सात जणींचे. तिथे प्रतिनिधी नाहीत, सगळ्याच बसल्या. गटांपुढे मांडणीही वेगळी केली. दोन सारखे दिसणारे कपडे समोर ठेवले आणि सांगितले की यातला एक दुसऱ्याच्या दुप्पट भावाने विकला गेला आहे. ओळखा बघू कुठला. कुणालाच ओळखता येईना. मग खर्च कमी का करायचा हे वेगळे सांगावे लागले नाही. कुठला टाका, कुठली हालचाल वाचवता येईल, ते बायाच सांगू लागल्या. सूचना इतक्या की लिहून घेणाऱ्याची धांदल उडाली.

नुसते सांगितलेल्या गटाचे उत्पादन पडले ते पडलेच. दर तासाला साठ नगांचे प्रमाण असताना ते पन्नासाच्या आसपास अडकून राहिले आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के माणसे सोडून गेली. प्रतिनिधी दिलेला गट दोन आठवड्यांत सावरला, सोडून कुणी गेले नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेले गट दोन दिवसांत पूर्वीच्या जागी आले आणि पुढे साधारण १४ टक्के वर गेले.

खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या गटातले उरलेले १३ जण अडीच महिन्यांनी पुन्हा नव्या कामावर घेतले आणि या खेपेला त्यांनाच विचारून सगळे ठरवले. तीच माणसे, जी ‘सुधारणार नाहीत’ म्हणून ठरली होती, ती भराभर सावरली आणि पुढे गेली. म्हणजे दोष माणसांत नव्हता. एखाद्या कार्यकर्त्याला ‘तो कायमचा विरोधकच आहे’ असा शिक्का मारण्यापूर्वी हे तेरा जण आठवावेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या बायांना ‘कसे बदलायचे’ ते विचारले. ‘बदलायचे की नाही’ हे मालकाने आधीच ठरवले होते. वाढलेल्या उत्पादनातला मोठा वाटाही कुणाकडे गेला असेल ते सांगायला नको. सहभाग देतो म्हणणाऱ्याला, किती देतोस आणि कुठवर, हे विचारायची सवय आपण सोडू नये.

अहमदाबादचे सात जण

आता परत आपल्या मुलखाजवळ येऊ. लंडनला टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. लेविनच्या मंडळींशी तिचे जवळचे नाते, दोघांनी मिळून १९४७ पासून एक नियतकालिकही चालवले. या संस्थेचे ए. के. राईस १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. गिरणी साराभाई घराण्याची, कारभार गौतम साराभाईंकडे. अहमदाबाद तेव्हा आपल्याच मुंबई राज्यात होते.

गिरणीत स्वयंचलित साचे येऊन वर्ष होत आले होते. अशा साच्यात संपलेली कांडी आपोआप बदलते, धागाही धोट्यात आपोआप ओवला जातो. ज्या तोंडाच्या निमित्ताने मुंबईत आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवले, ते तोंड लावायचे कामच यंत्राने काढून टाकले होते! पण साचे उत्तम असूनही काम मनासारखे होईना. उत्पादन कमी, खराब कापड जास्त.

राईसने खात्यात जाऊन पाहिले. २२४ साचे, २९ माणसे आणि त्यांची १२ प्रकारची कामे. कोणी विणणारा, कोणी कांड्या भरणारा, कोणी तुटलेले धागे सांधणारा, कोणी तेल घालणारा, कोणी झाडणारा. प्रत्येकाकडे किती साचे, याचा हिशोब वेगळा. त्यामुळे एका विणणाऱ्याला या साच्यासाठी एकाची वाट बघायची, त्या साच्यासाठी दुसऱ्याची. सगळे सगळ्यांशी बांधलेले आणि कुणीच कुणाचा नाही! कापड खराब निघाले तर जबाबदार कोण, याला उत्तर नाही. यंत्र नवे आले होते, पण माणसांची मांडणी कुणी विचारात घेतली नव्हती.

राईसला गुजराती येत नव्हते. दुभाष्यामार्फत त्याने एवढीच कल्पना बोलून दाखवली की साच्यांचा एक भाग आणि माणसांचा एक गट, असे केले तर? दुसऱ्या दिवशी कामगारच आराखडा करून घेऊन आले आणि म्हणाले, आम्हाला हे करून बघू द्या. सात-सात जणांचे गट त्यांनी आपणच पाडले. पगाराची नवी पद्धत बोलणी करून ठरली आणि काम सुरू झाले. गटातल्या कामांच्या भिंती बऱ्याच गळून पडल्या, एकाचे अडले की दुसरा धावू लागला. काही महिन्यांत कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि खराब कापडाचे प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर आले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच.

पण प्रयोगाचे पुढे काय झाले, हे सहसा कुणी सांगत नाही. १९७० साली टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा त्या गिरणीत गेले. एका खात्यात गटपद्धत सोळा वर्षांनंतरही जवळजवळ तशीच टिकली होती. तिथे साधे साचे होते. पण स्वयंचलित साच्यांकडे, जिथून सगळे सुरू झाले तिथेच, ती विरून गेली होती. बाहेरची परिस्थिती बदलली, ताण वाढले, आणि त्या ताणात गटाला सांभाळून घेण्याची काळजी वरच्यांनी घेतली नाही. लेविनची तिसरी पायरी आठवा. बदल एकदा केला म्हणजे तो राहतोच असे नाही. आज तर ती कॅलिको मिलही चालू नाही आणि मुंबईत आमच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत.

सातांत कोण?

हा सगळा इतिहास वाचताना आमच्या मनात एक प्रश्न राहून राहून येतो. ‘माणसांनी आपले गट आपणच निवडावेत’ हे ऐकायला फार छान वाटते. पण १९२८ च्या मुंबईत साचेवाल्यांना सांगितले असते की तुमचे सात जण तुम्हीच निवडा, तर त्या सातांत आमचा माणूस आला असता का? मुळीच नाही. गटाने एकमताने ठरवले असते, हात वर करून ठरवले असते, आणि तो निर्णय लेविनच्या नियमाप्रमाणे चांगला घट्टही झाला असता!

म्हणून नुसत्या सहभागावर भागत नाही. गटात कोण येऊ शकतो, हे गटाच्या लहरीवर सोडता येत नाही. त्यासाठी वर एक नियम लागतो आणि तो नियम मानायला लावणारा कुणीतरी लागतो. बाबासाहेबांनी संपाच्या वेळी तेच केले. जुने सगळे हलले होते, सर्वांना सर्वांची गरज होती. ज्याला लेविनने एकोणीस वर्षांनी ‘वितळणे’ म्हटले, ती ही वेळ होती. तीच पकडून त्यांनी अट घातली की आमची गरज असेल तर दार उघडा. अर्थात मागणी कागदावर आली म्हणून साचेखात्याचे दार दुसऱ्या दिवशी उघडले नाही. पुढेही कितीतरी वर्षे आपली माणसे मुख्यतः कताईकडेच राहिली. पण ‘हे असंच असतं’ म्हणून जे गृहीत धरले होते, ते अन्याय म्हणून सर्वांच्या समोर लिहिले गेले. तिथून मागे जाता येत नाही.

आता आमच्याकडे

तेव्हा मंडळी, दूरच्या गोष्टी सांगून झाल्या, आता घरचे बघू. आमच्या कमिटीत जे ठरते ते बहुतेक वेळा चार जण ठरवतात आणि बाकीच्यांना फळ्यावर वाचायला मिळते. मग तरुण आले नाहीत की आम्ही त्यांच्यावर रागावतो. कागदाऐवजी खोक्यात चळत रचायची एवढाच बदल असताना माणसे काम सोडून गेली, कारण त्यांना विचारले नव्हते. मग वाचनालयाची वेळ, अभ्यासिकेची किल्ली, कार्यक्रमाचा खर्च यांत ज्यांना कधी विचारले नाही, त्यांनी यायचे कशासाठी?

आमची सूचना साधी आहे. मोठमोठ्या उपसमित्यांपेक्षा सहा-सात जणांचे छोटे गट करावेत आणि त्यांना तुकड्यातले काम न देता पूर्ण काम द्यावे. अभ्यासिका म्हणजे किल्लीपासून हिशोबापर्यंत सगळी त्यांचीच. चुकू द्यावे, पण मधेच हात घालू नये. वर्षातून दोनदा बसून काय टिकले आणि काय विरले ते मोकळेपणाने बघावे. आणि गट ज्यांचे त्यांनी पाडावेत हे खरे असले, तरी एक नियम आम्ही आधीच लिहून ठेवावा की प्रत्येक गटात महिला असतील आणि त्या सह्यांपुरत्या नसतील. नव्याने वस्तीत राहायला आलेले असतील. आणि आमच्याशी न पटणाराही एखादा असेल.

कारण दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आमच्या त्रासनखात्यातल्या माणसांनी हयातभर सोसले आहे. त्यांच्या लेकरांनी बांधलेल्या वास्तूत कुणी दाराशी ताटकळत उभे राहू नये. पुढच्या बैठकीला व्याख्यान नको. सतरंजीवर गोल बसू, आमच्यापैकी जुन्यांनी जरा गप्प बसू, आणि ज्या कधी बोलल्या नाहीत त्या सुनांना आणि लेकींना पहिल्यांदा विचारू की बाई, तुझ्या मनात काय आहे?